पुन्हा मुलगीच?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात बाळंतपण झाले. वार्ता कानी येताच आम्ही समाचारास गेलो. ओसरीवर घरातील आजी सुपारी कातरीत बसल्या होत्या. आम्हांला पाहून त्यांनी चटई पुढे सरकवली, परंतु नेहमीचे हसू काही चेहऱ्यावर उमटले नाही.

"आजी, बाळबाळंतीण खुशाल ना?" आम्ही विचारले.

"खुशाल आहेत, देवाची कृपा," आजी म्हणाल्या, आणि अडकित्त्याचा आवाज थांबवून पुढे बोलल्या, "पुन्हा मुलगीच."

ह्या 'च'मध्ये जे काही सामावले होते, ते आमच्या वाचकांस विशद करून सांगण्याची आवश्यकता नाही. पहिल्या दोन नाती अंगणात खेळत होत्या. ही तिसरी. मुलाचे वडील शेतावर गेल्याचे कळले. ते नेहमीपेक्षा लौकर गेले होते आणि नेहमीपेक्षा उशिरा परतणार होते. आतल्या खोलीत बाळंतीण भिंतीकडे तोंड करून निजली होती. तिने आम्हांस ओळखून पदर सावरला आणि आजी चुलीकडे गेल्याची खात्री करून हळूच विचारले, "तुम्ही लिहिता, वाचता. एवढे सांगा, माझे काय चुकले?"

परतताना गोठ्यावरून वाट होती. तेथे चार महिन्यांची एक तांबडी कालवड दाव्याला बांधलेली दिसली आणि आम्हांस एकदम आठवण झाली. ही कालवड जन्मली त्या दिवशी ह्याच आजींनी सगळ्या वाड्यात खरवस वाटला होता. आमच्या घरीही वाटी आली होती. गोऱ्हा न होता कालवड झाली म्हणून सारे घर आनंदले होते. गाईने मादी दिली तर खरवस आणि सुनेने मुलगी दिली तर मौन, असा हा न्याय! त्या माउलीच्या प्रश्नाला तेथे उभ्या उभ्या आम्ही जे दोन शब्द बोललो ते पुरेसे नव्हते. म्हणून ह्या आठवड्याचे सदर आम्ही तिच्या प्रश्नाला वाहत आहोत. विषय थोडा नाजूक आहे हे आम्ही जाणतो. तथापि जे अज्ञान घरातील एका जिवाला दोषी ठरवून भिंतीकडे तोंड फिरवावयास लावते, त्याविषयी संकोच बाळगणे हीच अधिक लज्जेची गोष्ट होय.

जन्मणारे बाळ मुलगा की मुलगी हे कशाने ठरते, ह्याविषयी माणसाने फार पुरातन काळापासून तर्क लढविले आहेत. ग्रीस देशातील अ‍ॅनाक्सागोरस नावाच्या तत्त्ववेत्त्याचे मत असे होते की, उजव्या बाजूच्या बीजापासून पुत्र आणि डाव्या बाजूच्या बीजापासून कन्या होते. त्याच्यामागून आलेल्या अ‍ॅरिस्टॉटलने हे मत खोडून काढले आणि पित्याच्या बीजातील उष्णता पुरेशी प्रबळ असेल तर पुत्र होतो, असे प्रतिपादिले. आपल्याकडील प्राचीन वैद्यकग्रंथांत पित्याचे बीज अधिक असता पुत्र आणि मातेचे बीज अधिक असता कन्या, असा विचार मांडलेला आढळतो. खेड्यापाड्यांतून गर्भिणीच्या पोटाच्या आकारावरून, तिच्या डोहाळ्यांवरून, चालताना प्रथम कोणता पाय उचलला ह्यावरून भाकिते सांगणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रिया आजही आहेत. भाकीत खरे ठरण्याचा संभव दोहोंपैकी एक असल्यामुळे त्यांपैकी निम्म्या जणींची कीर्ती अबाधित राहते, हे वेगळे सांगावयास नको.

हे सारे तर्क निरुपद्रवी असते तर गोष्ट निराळी होती. परंतु कारण ठाऊक नसले म्हणजे दोष देण्यास माणूस शोधला जातो आणि तो दोष बहुधा जिच्या कुशीतून बाळ आले तिच्या माथी येतो. झोपडीत हे घडते तसेच राजवाड्यातही घडले आहे. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री ह्याची कथा आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. १५०९ साली त्याचा कॅथरीन राणीशी विवाह झाला. १५११ साली तिला पुत्र झाला, परंतु तो दोन महिन्यांच्या आतच वारला. पुढे जगली ती १५१६ साली जन्मलेली मेरी ही एकच कन्या. गादीला पुत्र हवा ह्या हट्टापायी राजाने त्या साध्वी स्त्रीचा त्याग केला आणि रोमशी असलेला संबंधही तोडला. मग अ‍ॅन बोलीनशी विवाह झाला, तर १५३३ साली तिलाही मुलगीच झाली. तीन वर्षांनी त्या राणीचा शिरच्छेद झाला. राजकारणाची आणखी कारणे त्यात मिसळलेली होती, हे खरे. परंतु पुत्र झाला नाही हा दोष दोन्ही राण्यांच्या माथी मारला गेला. पुढे तिसऱ्या राणीपासून राजाला हवा असलेला पुत्र लाभला, तो नवव्या वर्षी गादीवर बसून पंधराव्या वर्षी निधन पावला. आणि जिच्या जन्माने राजाचा हिरमोड झाला होता, त्या एलिझाबेथने १५५८ पासून १६०३ पर्यंत राज्य केले. राजाला ठाऊक नव्हते, आणि त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते, ते हे की ह्या गोष्टीचा निर्णय ज्या बीजात होतो ते राणीचे नसून त्याचे स्वतःचे होते.

हे ज्ञान जगाला कसे झाले, तेही ऐकण्यासारखे आहे. बीजांतून आईबापांचे गुण मुलांत कसे उतरतात, ह्याचा पहिला पक्का हिशेब ज्याने मांडला तो ग्रेगोर मेंडेल हा ब्रनो येथील मठातील ऑगस्टिनियन संन्यासी होता. मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपे वाढवून आणि मोजून त्याने १८६५ साली आपले निष्कर्ष सांगितले. त्याच्या हयातीत त्यांचे महत्त्व फारसे कोणी ओळखले नाही. १९०० साली ते पुन्हा प्रकाशात आले आणि मग नर व मादी हा भेददेखील असाच बीजांतून उतरतो की काय, हा प्रश्न विद्वानांपुढे उभा राहिला.

त्याचे उत्तर शोधणाऱ्यांत एक स्त्री होती. अमेरिकेतील एका सुताराची ही कन्या, नाव नेटी स्टीव्हन्स. जन्म १८६१ सालचा. शाळेत शिकवून तिने पैसा जमविला आणि वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ती विद्यापीठात दाखल झाली. पेन्सिल्व्हेनियातील ब्रिन मॉर येथील महाविद्यालयात ती संशोधन करी. पिठात ज्याच्या अळ्या होतात असा एक क्षुद्र भुंगेरा तिने अभ्यासास घेतला. प्राण्याच्या शरीरातील प्रत्येक पेशीत सुतासारखे सूक्ष्म तंतू असतात. त्यांना गुणसूत्रे म्हणतात. आईबापांचे गुण ह्या सूत्रांत गुंफलेले असतात. स्टीव्हन्सबाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा मादी भुंगेऱ्याच्या पेशीत वीस मोठी गुणसूत्रे दिसली. नराच्या पेशीत मात्र एकोणीस मोठी आणि एक लहान. म्हणजे मादीची सर्व बीजे एकसारखी, परंतु नराची बीजे दोन प्रकारची: निम्म्यांत दहाही सूत्रे मोठी, तर निम्म्यांत नऊ मोठी आणि एक ते लहान. लहान सूत्राचे बीज मिळाले की नर, मोठ्याचे मिळाले की मादी. १९०५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी एडमंड विल्सन ह्या शास्त्रज्ञानेही स्वतंत्रपणे असाच शोध लावला. स्टीव्हन्सबाई १९१२ साली कर्करोगाने निवर्तल्या. त्यांना मोठा मानसन्मान लाभला नाही. परंतु हजारो वर्षे स्त्रीच्या माथी असलेला आरोप एका सुताराच्या मुलीने पिठातील किड्याच्या साक्षीने खोटा ठरविला, ही घटना आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

आता माणसाचे पाहू. मनुष्याच्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. कित्येक वर्षे ही संख्या ४८ समजली जात होती. स्वीडनमध्ये १९५६ साली ती नीट मोजली गेली. ही सूत्रे जोडीजोडीने असतात, म्हणजे तेवीस जोड्या. त्यांतील बावीस जोड्या स्त्रीपुरुषांत सारख्याच. तेविसावी जोडी तेवढी निराळी. स्त्रीच्या ठायी ह्या जोडीतील दोन्ही सूत्रे एकाच जातीची असतात. त्यांना एक्स असे नाव आहे. पुरुषाच्या ठायी एक एक्स आणि दुसरे आखूड, त्याला वाय म्हणतात. बीज तयार होताना प्रत्येक जोडीतील एकेकच सूत्र त्यात जाते. मातेकडे दोन्ही एक्सच असल्यामुळे तिच्या प्रत्येक बीजात एक्स असणार. दुसरे काही देणे तिला शक्यच नाही. पित्याच्या बीजांपैकी मात्र सुमारे निम्म्यांत एक्स असतो आणि निम्म्यांत वाय. एक्स असलेले बीज मातेच्या बीजाला मिळाले तर कन्या, वाय असलेले मिळाले तर पुत्र.

गर्भ राहतो त्याच क्षणी हा निर्णय होऊन जातो. पहिले सहा आठवडे मुलाचा आणि मुलीचा गर्भ पाहावयास सारखाच असतो. पुढे वाय सूत्रावरील एक जनुक जागे होते आणि त्या आज्ञेने पुरुषदेह घडू लागतो. हे जनुक कोणते, ते लंडन येथील संशोधकांनी १९९० साली शोधून काढले. तेव्हा त्या बाळंतिणीच्या प्रश्नाचे शास्त्राने दिलेले उत्तर अगदी लहान आहे: बाई, तुझे काहीही चुकले नाही. तुझ्या हाती ते नव्हतेच.

हे वाचून एखादी भगिनी आपल्या पतीकडे वळून म्हणेल, "पाहा, दोष तुमचाच होता!" तर तिलाही आम्ही थांबवू. पित्याच्या शरीरातून निघणाऱ्या कोट्यवधी बीजांपैकी कोणते एक मातेच्या बीजापर्यंत पोहोचावे, ह्यावर त्याची सत्ता तिळमात्र चालत नाही. त्याने ना हे निवडले, ना ते नाकारले. जेथे निवड नाही तेथे दोषही नाही. एका निरपराध माणसावरील आरोप उचलून दुसऱ्या निरपराध माणसावर ठेवला, तर न्याय झाला असे कोणी म्हणणार नाही.

किंबहुना सृष्टीकडे डोळे उघडून पाहिले म्हणजे ह्या बाबतीत माणसाच्या अहंकाराला जागाच उरत नाही. नर आणि मादी घडविण्याच्या रीती सृष्टीत एक नाही, अनेक आहेत. आपल्या अंगणातील कोंबडीच घ्या. तिच्यात माणसाच्या अगदी उलट व्यवस्था आहे. कोंबड्याची बीजे सर्व एकसारखी आणि कोंबडीची दोन प्रकारची. तलंग निपजणार की कोंबडा हे कोंबडीच्या अंड्यातच ठरलेले असते. लांबट अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून तलंग निघते असे पुष्कळ लोक सांगतात; परंतु अंड्याच्या आकाराचा त्याच्याशी काही संबंध नाही. म्हणजे मादीकडे निर्णय असावा असे प्राणी आहेतच. पण माणूस त्यांतला नव्हे. कोंबडीचा न्याय सुनेला लावण्याची चूक पिढ्यानपिढ्या होत आली, एवढाच ह्याचा अर्थ.

मधमाश्यांची तऱ्हा याहून विलक्षण. झाडाच्या ढोलीत सातेरी माश्यांचे मोहोळ पुष्कळांनी पाहिले असेल. त्यातील राणीमाशी नराशी संयोग झाल्यावर त्याचे बीज आपल्या शरीरातील एका पिशवीत साठवून ठेवते. अंडे घालताना त्या साठ्यातील बीज त्याला मिळाले तर त्यातून मादी, म्हणजे कामकरी माशी किंवा पुढची राणी, निपजते. आणि बीज न मिळता अंडे तसेच घातले गेले तर त्यातून नर निघतो. तेव्हा नर माशीला आई असते, पण बाप नसतो. मात्र आईचा बाप, म्हणजे आजोबा, असतो! हे रहस्य १८४५ साली प्रथम जाहीर केले ते योहान झिएर्झोन ह्या सिलेशिया प्रांतातील कॅथलिक धर्मगुरूंनी. सिलेशियाचा हा भाग आज पोलंडमध्ये मोडतो. लहानशा खेड्यात राहून ते मधमाश्या पाळीत. पुष्कळ विद्वानांना त्यांचे म्हणणे प्रथम पटले नाही. पण पुढे ते खरे ठरले.

समुद्रकासवांमध्ये तर आईबाप दोघांनाही ह्या बाबतीत बोलण्यास जागा नाही. गोव्यात मोरजी, आगोंद आणि गालजीबाग येथील किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवे रात्री वर येतात, वाळूत खड्डा करून शंभरएक अंडी घालतात आणि खड्डा बुजवून समुद्रात परत जातात. ती पुन्हा मागे वळून पाहत नाहीत. पिल्ले नर होणार की मादी हे त्या वाळूच्या उष्णतेवर ठरते: वाळू थंड असेल तर नर अधिक, गरम असेल तर माद्या अधिक. सरपटणाऱ्या प्राण्यांतील ही रीत प्रथम लक्षात आली ती १९६६ साली, आफ्रिकेतील एका सरड्याच्या बाबतीत, मादलेन शार्निए ह्या स्त्री-शास्त्रज्ञेच्या. पृथ्वी तापत चालल्याचा परिणाम ह्या मुक्या जिवांना भोगावा लागत आहे. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळील प्रवाळखडकांच्या उत्तर भागात हिरव्या कासवांची जी तरुण पिढी आहे, तीत शंभरांत नव्याण्णव माद्या असल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. आमच्या वडोदऱ्याच्या वाचकांना विश्वामित्री नदीतील मगरी परिचयाच्या आहेत. त्यांच्या घरट्यांतही असाच उष्णतेचा हिशेब चालतो, फक्त तो थोडा निराळा. मगरीच्या अंड्यांना मध्यम ऊब मिळाली तर नर, त्याहून कमी किंवा अधिक मिळाली तर माद्या.

इतकी नाना प्रकारची योजना जेथे आहे तेथे एक गोष्ट मात्र सर्वत्र सारखी दिसते. कोठल्याही प्राण्याने आपल्या पिलाला ते मादी आहे म्हणून टाकल्याचे आमच्या वाचनात नाही. गाय कालवडीला चाटते तशीच गोऱ्ह्यालाही चाटते. ही निवड करणारा प्राणी एकच, आणि तो स्वतःला सर्वांत शहाणा म्हणवून घेतो.

आता तीन मुलींच्या हिशेबाकडे येऊ. "एक झाली ठीक, दुसरी झाली ठीक, पण तिसरीही?" असे आजींनी आम्हांस विचारले होते. हा प्रश्न पुष्कळांना पडतो. नाणे उडविले असता छाप पडण्याचा संभव निम्मा असतो. दोनदा छाप पडली म्हणून तिसऱ्या वेळी नाण्याला काटा पडण्याची सक्ती होत नाही. नाण्याला स्मरण नसते. बीजांनाही नसते. प्रत्येक खेपेस हिशेब नव्याने सुरू होतो. तीन अपत्ये असलेली शंभर घरे घेतली, तर त्यांतील सुमारे बारा घरांत तिन्ही मुली असणार आणि साधारण तेवढ्याच, किंवा किंचित अधिक, घरांत तिन्ही मुलगे असणार. ज्या घरी तिन्ही मुलगे होतात तेथील सुनेला कोणी "माझे काय चुकले?" असे विचारावयास लावीत नाही. योगायोग दोन्हीकडे एकच; एका घरी तो भाग्य ठरतो, दुसऱ्या घरी अपराध.

आजींच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट आली, आणि तिने आम्ही अधिक अस्वस्थ झालो. पुढच्या खेपेस सुनेला तिसरा महिना लागण्यापूर्वी कोणा वैदूकडील पुडी द्यावयाची असे त्यांच्या मनात होते. ती घेतल्याने मुलगा होतो, अशी त्यांची समजूत. आम्ही आमच्या सर्व वाचकांस कळकळीने सांगतो की, अशी पुडी कोणीही कोणाला देऊ नये. दिवस गेल्याचे कळते त्याच्या कितीतरी आधी निर्णय झालेला असतो. तो बदलणारे औषध पृथ्वीच्या पाठीवर नाही. इतकेच नव्हे, तर अशा औषधांपासून अपायाचे भय आहे. हरियाणात झालेल्या अभ्यासांत ह्या पुड्यांचा संबंध बालकांतील जन्मजात व्यंगांशी असल्याचे आढळले आहे. मुलगा मिळावा म्हणून घेतलेली पुडी, जे बाळ पोटात आहे त्यालाच आयुष्यभराचे दुःख देऊन जाऊ शकते.

ह्याहूनही भयंकर मार्ग आहे, तो शहरातील यंत्राचा. गर्भ मुलीचा आहे हे यंत्राने पाहून तो नाहीसा करण्याचे पाप आपल्या देशात इतके वाढले की सरकारला कायदा करावा लागला. महाराष्ट्राने असा कायदा सर्वांआधी, १९८८ साली केला. संपूर्ण देशासाठी तो १९९४ साली झाला आणि २००३ साली अधिक कडक करण्यात आला. गर्भलिंग तपासणे आणि सांगणे हा त्यान्वये गुन्हा आहे. निसर्गतः जन्माच्या वेळी शंभर मुलींमागे सुमारे एकशेपाच मुलगे असतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली असावयास हव्यात. परंतु सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ च्या शिरगणतीत ९४५ होती, २००१ साली ती ९२७ झाली आणि २०११ साली ९२० च्याही खाली गेली. हे आकडे कोणा एका प्रांताचे वा धर्माचे नसून साऱ्या देशाचे आहेत; "आमच्यात असे होत नाही" म्हणून कोणी हात झटकू नयेत.

ज्या जन्मल्या त्यांची तरी काय स्थिती! सातारा जिल्ह्यात कित्येक मुलींची नावे 'नकोशी' किंवा 'नकुशा' अशी ठेवलेली होती. आता पुन्हा मुलगी नको, हे परमेश्वराला कळावे म्हणून त्या निष्पाप जिवाच्या कपाळी हा शब्द कोरला जाई. शाळेच्या हजेरीत दररोज तो पुकारला जाई आणि मुलगी "हजर" म्हणून उत्तर देई. २०११ साली तेथे समारंभ करून अशा अडीचशेहून अधिक मुलींना नवी नावे देण्यात आली. नाव बदलणे सोपे. पण 'नकोशी' हे नाव कागदावर न लिहिताही घरोघर ठेवता येते. ओसरीवरील एका 'च'ने ते ठेवता येते.

आता शेवटी, जे आम्ही त्या आजींना सांगितले ते आमच्या वाचक आजींनाही सांगतो. दोन आठवड्यांनी आम्ही पुन्हा त्या घरी गेलो, तेव्हा त्या नातीला मांडीवर घेऊन तेल लावीत होत्या. आम्ही म्हटले, "आजी, एक हिशेब ऐका. तुमच्या मुलाच्या अंगी जे एक्स सूत्र आहे, ते त्याला कोणाकडून मिळाले? बापाकडून त्याला वाय मिळाले. एक्स मिळाले ते तुमच्याकडून. आता तुमच्या मुलाला मुलगा झाला असता, तर त्याला आजोबांचे वाय मिळाले असते आणि तुमचे हे सूत्र तेथेच थांबले असते. बाकी बावीस जोड्यांतून तुमचा काही अंश त्यालाही मिळाला असता. पण हे एक सूत्र नव्हे. ते मुलगा आपल्या मुलींनाच देतो. तुमच्या मांडीवरच्या ह्या पोरीच्या अंगी ते आहे. अंगणात खेळणाऱ्या दोघींच्याही अंगी आहे. तुमच्या देहातील हा ठेवा तुमच्या लेकाने सांभाळून ठेवला आणि तिन्ही खेपांस तुमच्याच नातींच्या हाती दिला."

आजी काही वेळ बोलल्या नाहीत. तेलाचा हात बाळाच्या पाठीवर तसाच राहिला. मग त्यांनी विचारले, "तिघींच्या?"

"तिघींच्या," आम्ही म्हणालो.

"आणि तिची काही चूक नाही म्हणता?"

"तिची नाही, आणि तुमच्या मुलाचीही नाही."

त्यांनी आत हाक मारली, "अगं, तेल कोमट करून आण, आणि तू पण इथे येऊन बस." सून येऊन दाराशी बसली. पुढे आमच्या देखत त्याविषयी शब्द निघाला नाही. तो निघावा अशी आमची अपेक्षाही नव्हती.

बाप्तिस्मा पुढील रविवारी झाला. बाळाला आजींचेच नाव ठेवले आहे. आपल्याकडे आजीआजोबांचे नाव नातवंडांना ठेवण्याची चाल जुनीच. परंतु पहिल्या दोघींच्या वेळी ती आठवली नव्हती. पुडीचा विषय आजींनी पुन्हा काढला नसल्याचे सुनेकडून कळले.

वाचकहो, ह्या वर्षी आपल्यापैकी कित्येकांच्या घरी पाळणा हलेल. निम्म्या पाळण्यांत मुली असतील. बातमी सांगणाऱ्याला कोणी विचारील, "काय झाले?" तेव्हा 'पुन्हा' आणि 'च' हे दोन शब्द तेवढे गिळून टाकावे, इतकीच आमची विनंती आहे. "मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत," एवढे वाक्य पुरेसे आहे. आणि शेजारी काही गोड वाटावयाचे राहून गेले असेल, तर गोठ्यातील कालवडीच्या जन्माला आपण काय वाटले होते, ते एकदा आठवून पाहावे.